पियानोला आपली लय कोण देणार?

पुण्या-मुंबईतल्या पियानोवादनाच्या कार्यक्रमपत्रिका वाचल्या की हल्ली चीड येते. शोपँ, बेथोव्हन, लिस्ट आणि शेवटी टाळ्यांसाठी एखादे हिंदी चित्रपटगीत. वादकांचे हात तयार आहेत, यात शंका नाही. पण आशियाने पियानोसाठी स्वतः जे लिहिले, त्याचा या पत्रिकांत मागमूस नसतो.

तुर्कस्तानचेच पाहा. १९३६ साली हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक अनातोलियात लोकगीते गोळा करायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर खेडोपाडी हिंडला तुर्की संगीतकार अदनान सायगुन. ते हिंडणे पुढे सायगुनच्या पियानोत उतरले. त्याचे अक्साक लयींवरचे एत्यूद, म्हणजे अभ्यासरचना, विषम मात्रांचे आहेत. अक्साक म्हणजे दोन-दोन-तीन, दोन-दोन-दोन-तीन असे गट. रूपक आणि झपताल अंगात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला ही लय व्हिएन्नाच्या वॉल्ट्झपेक्षा लवकर लागेल. सायगुनकडे शिकलेल्या पियानोवादक गुलसिन ओनाय यांनी हे संगीत जगभरच्या मंचांवर हट्टाने नेले. आपल्या मंचांवर ते कोणी आणायचे?

तुर्की पियानोवादक-संगीतकार फाझिल सायचे ‘कारा टोप्राक’ (१९९७) तर मी कितीही वेळा ऐकायला तयार आहे. अंध लोककवी आशिक वेसेलच्या गाण्यावरून ते सुचले. वादकाचा डावा हात पियानोच्या आत जाऊन तारा दाबून धरतो आणि उजवा पट्ट्यांवर चालतो. सुरांचा घुमारा जातो, आवाज बद्द आणि कोरडा होतो, आणि एवढ्या मोठ्या वाद्यातून खेड्यातला साझ, म्हणजे तिथले तंतुवाद्य, बोलू लागतो. जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सुच्या ‘रेन ट्री स्केच’मध्ये (१९८२) पेडलवर धरलेला सूर विरत जातो आणि पुढचा सूर त्या विरण्यातूनच उगवतो. आलापी ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. चिनी संगीतकार तान दुनने १९७८ साली, विद्यार्थी असताना, हुनानच्या लोकगीतांच्या आठवणीत आठ छोट्या रचना लिहिल्या. चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सोलापूरचे, त्या सोलापुरातल्या एखाद्या मुलीच्या हातून त्या मला ऐकायच्या आहेत.

आपल्याकडे पियानोवर राग वाजवणारा एक प्रवाह आहे. तो मींडेच्या जागी सुरांचा शिडकावा करतो आणि राग व पियानो दोघांवरही अन्याय करतो. फ्यूजनवर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. उरतात वनराज भाटिया. ‘भूमिका’ आणि ‘तमस’चे संगीतकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि मग पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून मैफलीचे संगीत लिहिणारे भाटिया मात्र आपण दुर्लक्षिले. ते २०२१ साली गेले, आणि त्या दुर्लक्षात फरक पडला नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की पियानोचे सूर पक्के, त्यात आपल्या श्रुती बसत नाहीत. हाच आक्षेप पेटीवर होता. रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके चालली. त्याच पेटीतून गोविंदराव पटवर्धनांनी नाट्यपदे शब्दांसकट ऐकू आणली. परदेशी ऑर्गन गंधर्व नाटक मंडळीने असा आपलासा केला की त्याच्यावाचून मराठी नाट्यपद सुनेसुने वाटावे. श्रुतींची अडचण खरी आहे, पण तुर्की मकामातले सूर तरी कुठे पियानोच्या पट्टीत बसतात? सायगुन त्यापुढे अडून बसला नाही, त्याने लयीतून वाट काढली. आणि लयीची आपल्याकडे काय वाण आहे? गोंधळातले संबळ आहे, मिरवणुकीतली हलगी आहे, लावणीची ढोलकी आहे. यातल्या एकावरही पियानोसाठी ताकदीचा एत्यूद माझ्या कानावर आलेला नाही. हा दोष वाद्याचा नाही, तो आपल्या संगीतकारांच्या आळसाचा आणि शिक्षकांच्या भित्रेपणाचा आहे. परीक्षेच्या पुस्तकाबाहेरचे पान उलटायला ते धजत नाहीत.

म्हणून पियानो शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या पुढच्या कार्यक्रमात एक शोपँ कमी करा आणि तिथे सायगुन ठेवा. आणि ओळखीच्या संगीतकाराकडून संबळाच्या लयीवर पाच मिनिटांची एक रचना मागून घ्या.