हात लावू नये

तंजावरच्या त्या हॉटेलात शिरताना डाव्या हाताला मातीचा एक घोडा उभा आहे. माझ्या खांद्याएवढा, कान टवकारलेले, गळ्यात मातीचीच घुंगुरमाळ. मी गेले तेव्हा मार्गळी महिना चालू होता. दारासमोर पहाटे घातलेला कोलम निम्मा पुसला गेला होता आणि एका पाहुण्याच्या मुलाने घोड्याच्या पाठीवर आपले दप्तर ठेवले होते. त्याला कुणी हटकले नाही. घोड्यापाशी पाटी नव्हती. कुणी केला, कुठल्या गावचा, काहीच नाही.

पाट्या आतल्या चौकात होत्या. चौक आणि त्याला लागून असलेल्या दोन ओसऱ्यांत समकालीन मातीकामाचे प्रदर्शन मांडले होते. प्रत्येक वस्तूशेजारी कलावंताचे नाव, वस्तूचे शीर्षक, माती कोणती, किती अंशांवर भाजली, किंमत किती. सगळे इंग्रजीत. आणि ठिकठिकाणी एकच सूचना: हात लावू नये.

हॉटेलचे आणि कलावंतांचे नाव मी इथे देत नाही. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे, आणि असली मांडणी मी इतर शहरांतल्या हॉटेलांतही पाहिली आहे. एकाला नाव घेऊन झोडपण्यात अर्थ नाही. शिवाय हेही मान्य करायला हवे की तंजावरात असे काही मांडायला दुसरी जागा चटकन सुचत नाही. राजवाड्यातल्या कलादालनात चोळांची कांस्यशिल्पे आहेत, शेजारी सरस्वती महालात पोथ्या आहेत. आज कुणी चाकावर काय करतो आहे ते पाहायचे तर हॉटेलचा चौकच उरतो. मुंबईतही ताजमहाल हॉटेलच्या इमारतीतच ताज आर्ट गॅलरी आहे आणि तिथे चांगली प्रदर्शने झाली आहेत. हॉटेलात कला मांडली म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. प्रश्न पुढचा आहे: हॉटेलात गेल्यावर मातीचे काय होते?

पहिल्या ओसरीत लाकडावर भाजलेल्या उंच बरण्यांची रांग होती. काम पाँडिचेरीच्या वळणाचे, ते ओळखायला पाटी लागत नाही. 1971 मध्ये रे मीकर आणि देबोरा स्मिथ यांनी तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि दक्षिणेतल्या आजच्या मातीकामाची जवळजवळ सगळी वंशावळ त्या एका आवारात जाऊन मिळते. भट्टीत सुरूचे लाकूड घालायचे, तापमान तेराशे अंशांच्या आसपास न्यायचे आणि राख उडून भांड्यावर बसेल, वितळेल, ओघळेल तो रंग आपला मानायचा. कोकणात सुरूची बने पाहिलेल्या माणसाला त्या राखाडी-हिरव्या ओघळांकडे पाहून जरा घरचे वाटते. या बरण्या चांगल्या होत्या. फार चांगल्या नव्हत्या. त्यांची तोंडे इतकी अरुंद होती की आत काही भरायचा विचारही कुणाच्या मनात येऊ नये, आणि तीच त्यांची अडचण होती. त्यांना बरणी व्हायचे नव्हते, पण बरणीचा आकार सोडायचे धाडसही नव्हते.

दुसऱ्या ओसरीतली पोर्सेलीनची पाकळ्यापाकळ्यांची रचना मी पटकन ओलांडली. वरून दिवे सोडले की पातळ पोर्सेलीन सुंदर दिसतेच, त्यात मातीपेक्षा दिव्याचा वाटा जास्त. भिंतीवरच्या फरशांच्या मोठ्या चित्राबद्दलही तेच. ते त्या भिंतीच्या मापानेच केले असावे आणि भिंतीइतकेच गप्प होते.

खरे काम जेवणघराकडे जाणाऱ्या बोळात होते, जिथून वाढपी ताटे घेऊन ये-जा करत होते. जमिनीवर बारा-तेरा लाद्या, एकीला लागून एक. कावेरीच्या खोऱ्यातली माती, पाट्यावर थापून उन्हात वाळवलेली, अगदी कमी आचेवर भाजलेली, त्यामुळे ठिसूळ. प्रत्येक लादीला तडे गेलेले. उन्हाळ्यात कालव्यांचे पाणी बंद झाल्यावर शेताला जातात तसे. दोन लाद्यांचे कोपरे वाढप्यांच्या पायाने उडाले होते आणि कलावंताने, की हॉटेलने, ते तुकडे तिथेच राहू दिले होते. शीर्षक होते ‘रिव्हर बेड’.

मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे अशा ठिकाणी पाटी वाचली की ती मनातल्या मनात मराठीत जाते. ‘रिव्हर बेड’ म्हणजे नदीचे पात्र. इथे मराठीने जी मजा केली आहे ती इंग्रजी पाटीला ठाऊक नाही. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे नदी जिच्यातून वाहते तो खोलगट भाग, पात्र म्हणजे नाटकातले माणूस. तमिळमध्येही ‘पात्तिरम’ हे भांडे आहे आणि नाटकातले पात्रही. नदीच्या तळाला मात्र तिकडे ‘पडुगै’ म्हणतात, त्यात निजण्याची कल्पना आहे. म्हणजे कावेरी तमिळमध्ये अंथरुणावर निजते आणि मराठीत भांड्यात भरलेली असते. ज्या गावात शाहजी राजांनी मराठीत नाटके लिहिली, सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’त भूगोलाचे धडे पात्रांच्या तोंडी घातले, त्या गावात या कामाला ‘पात्र’ एवढी एक पाटी लावली असती तरी तीन अर्थ फुकट मिळाले असते. एका मराठी पाटीने हॉटेलचे काय बिघडले असते? इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर 1803 सालचा भोसल्यांचा अख्खा वंशवृत्तांत मराठीत कोरलेला आहे. मराठी ही इथे पाहुणी नाही. आणि तमिळ तर घरमालकीणच. तिचीही एक ओळ चौकात नव्हती. (सांबाराची गोष्ट मी इथे सांगणार नाही. ती तंजावरवर लिहिणारा प्रत्येक मराठी माणूस सांगतो.)

मातीकामाबद्दल बोलायला मराठी अपुरी पडते ही तक्रारही खरी आहे. ग्लेझला झिलई म्हणावे तर कल्हईवाल्याची आठवण येते. निर्मला पटवर्धनांनी झिलयांवर आयुष्यभर काम केले आणि त्यांचे ‘अ न्यू हँडबुक फॉर पॉटर्स’ हे पुस्तक इंग्रजीत आले. देशभरच्या स्टुडिओंत ते वापरले गेले, मराठीला मात्र त्यातून शब्द मिळाले नाहीत. पण शब्द नाहीत ते झिलईच्या बाजूला. मातीच्या बाजूला शब्दांची वाण कधीच नव्हती. आवा, थापटणे, गाडगे, मडके, बोळके, सुगड, परळ, रांजण, डेरा. यांतला प्रत्येक शब्द हाताळण्याचा आहे. थापटणे हे तर हत्यारच, ओल्या मडक्याला बाहेरून ठोकून आकार देण्याचे.

थापटणे म्हटले की मराठी माणसाला तेरचे गोरोबाकाका आठवतात. संत जमले असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, मडके कच्चे की पक्के, आणि नामदेव कच्चे निघाले. समीक्षेची याहून नेमकी रीत मला माहीत नाही. माठ घेताना आपणही बोटाने वाजवून बघतोच. तडा असला की बद्द वाजतो. मी त्या अरुंद तोंडाच्या बरण्यांपैकी एक, राखणदाराची पाठ वळलेली असताना, नखाने वाजवली. स्वच्छ, लांब आवाज आला. माझे मत त्याने थोडे बदलले. डोळ्यांना जी बरणी भित्री वाटली होती ती कानाला चांगली खणखणीत होती. हे मला हात लावल्याशिवाय कळले नसते.

गोरोबाकाकांच्या गोष्टीत हात न लावण्याचाही भाग आहे. माती तुडवताना नामस्मरणात देहभान हरपले, रांगत आलेले मूल पायांखाली गेले. त्यानंतरच्या भांडणात बायकोने विठोबाची आण घातली: मला हात लावाल तर. काकांनी ती आण शब्दशः पाळली, दुसरे लग्न झाल्यावर दोघींच्या बाबतीत पाळली, आणि झोपेत ती मोडली तेव्हा स्वतःचे हात तोडून टाकले. महिपतींच्या ‘भक्तिविजया’ने ही कथा घरोघर नेली. आता चिदंबरमकडे या. तिथे तिरुनीलकंठ नायनार हा कुंभार, त्रेसष्ट शैव संतांपैकी एक, त्याची कथा बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणम्’मध्ये सेक्किळार सांगतात. तो परस्त्रीकडे जाऊन आला म्हणून बायकोने शिवाच्या निळ्या कंठाची आण घातली: आम्हाला हात लावू नका. तिने एकवचनाऐवजी अनेकवचन वापरले, तेव्हा तो म्हणाला, मग कोणत्याच स्त्रीला लावणार नाही. दोघे एका घरात म्हातारे झाले. मग शिव जोग्याच्या वेषात आला, आपले भिक्षापात्र त्याच्याकडे ठेवायला दिले आणि ते गुप्त केले. परत मागितल्यावर कुंभार म्हणाला, नवे घडवून देतो. जोगी म्हणाला, मला माझेच हवे; चोरले नाहीस ना, मग बायकोचा हात धरून तळ्यात बुडी मार आणि शपथ घे. नवराबायकोने एका काठीची दोन टोके धरली, बुडी मारली, आणि वर आले ते तरुण होऊन.

दोन भाषा, दोन देव, मध्ये काही शतके, आणि दोन्हीकडे कुंभाराचीच निवड. हा योगायोग मला तुलनात्मक साहित्याच्या वर्गात कुणी दाखवला नव्हता. त्या ओसरीतल्या सूचनेने दाखवला. कोणी कोणाकडून घेतले, या वादात मला रस नाही. तंजावरात मराठी कीर्तन रुजले आणि त्यातून तमिळ हरिकथेचा बाज घडला, हे खरे, पण नायनाराची गोष्ट त्याच्या फार आधीची. मला रस आहे तो याच्यात की ज्याचा सगळा धंदा हातांचा, त्यालाच स्पर्शबंदीची शिक्षा सुनावावी, हे दोन्हीकडच्या सांगणाऱ्यांना सुचले. बंदी काय असते हे कुंभाराइतके दुसऱ्या कुणाला कळेल? आणि दोन्ही कथांत ती बंदी शेवटी सुटते. गोरोबांना हात परत फुटतात, ते नामदेवांच्या कीर्तनात. चौकातली बंदी मात्र प्रदर्शन संपेपर्यंत कायम राहते आणि नंतर वस्तूबरोबर एखाद्या दिवाणखान्यात जाते.

यावर उत्तर देता येईल की शिल्पाला हात लावू नये ही सूचना जगभर असते. असते. जयपूरला 2018 मध्ये जवाहर कला केंद्रात पहिली इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले झाली तिथेही सगळ्याला हात लावता येत नव्हता. पण चार्ल्स कोरियांच्या त्या इमारतीत मातीसमोर फक्त पाहायला आलेला माणूस होता. हॉटेलात पाहणारा मुक्कामाला आलेला असतो. त्याच्या खोलीतला साबण ठेवायचा वाडगा, न्याहारीची थाळी, चटणीची वाटी हेही स्टोनवेअरच, बहुधा पाँडिचेरीच्याच आसपासचे. तो दिवसभर माती हाताळतो आणि चौकात आला की हात मागे बांधतो. ही गंमत मांडणाऱ्यांच्या लक्षात आली असती तर न्याहारीची एक वाटीसुद्धा पाटी लावून प्रदर्शनात ठेवता आली असती. जेवणघर आणि चौक यांच्यामधल्या बोळात लाद्या पसरणाऱ्याला ती कळली होती, एवढे नक्की. म्हणून मी त्या कामाला सर्वांत वर ठेवते.

आता घोडा. अय्यनार हा गावाच्या वेशीवरचा राखणदार. रात्री तो घोड्यावर बसून शिवेवर फेरी मारतो, म्हणून त्याला घोडे वाहतात. घडवणारे वेळार. ते कुंभारही आणि पुष्कळ ठिकाणी त्याच देवाचे पुजारीही. आधी पाय, मग पोकळ धड, वळ्यांवर वळ्या चढवत. काही घोडे दोन पुरुष उंचीचे होतात. पुदुक्कोट्टै, शिवगंगेकडे ‘पुरवी एडुप्पु’ला ते खांद्यावरून मिरवत रानात नेतात. वेळार पुजारी डोळे उघडण्याचा विधी करतो तेव्हा घोडा देवाचा होतो. मग तो तिथेच उघड्यावर राहतो. पाऊस लागतो, मान पडते, पाय झिजतो, कुणी दुरुस्त करत नाही. पुढच्या खेपेला त्याच्याशेजारी नवा येतो. आता कित्येक गावांत मातीऐवजी सिमेंटचा घोडा करून त्यावर ऑइलपेंट मारतात. तो टिकतो, ही त्याच्या बाजूने सांगितली जाणारी एकमेव गोष्ट.

समकालीन कलावंतांनी या परंपरेपासून दूर राहावे असे मी म्हणणार नाही. अलिबागकडे काम करणाऱ्या अंजनी खन्नांनी देवळाच्या खांबांवरचा याळी घेतला आणि त्याला आजच्या माणसाचा विक्षिप्तपणा दिला. ती नक्कल वाटत नाही. या चौकातही एका कलावंताने घोड्याचे फक्त चार खूर केले होते, चकचकीत काळ्या झिलईत, काचेच्या पेटीत. किंमत पाच आकडी. कल्पना वाईट नव्हती. पण दारातला घोडा कुणाचा हे ज्या प्रदर्शनाने विचारले नाही, त्यात या खुरांना उचलून धरेल असे काहीच नव्हते.

निघताना मी स्वागतकक्षात विचारले, घोडा कुठून आणला. तिथल्या मुलीने नम्रपणे आत जाऊन चौकशी केली आणि सांगितले की सजावटीचे सगळे सामान चेन्नईहून आले होते, एकत्र. मग तिनेच विचारले, विकत हवा आहे का? मी नाही म्हणाले आणि बाहेर आले. दप्तर गेले होते. घोड्याचे डोळे जवळून पाहिले. बुबुळे काढलेली नव्हती.