दाव्याचा वाङ्मयप्रकार आणि श्रद्धेचे उत्तर

डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबरीत कथानकापूर्वी ‘तथ्य’ अशा मथळ्याचे एक पान आहे. कादंबरीतील कलाकृती, वास्तू, दस्तऐवज व गुप्त विधी यांची वर्णने अचूक असल्याची ग्वाही ते देते. येशू व मग्दालीया मरीया यांच्या विवाहाची कल्पित कथा या पानामुळे इतिहासाच्या सीमेवर जाऊन उभी राहते. श्रद्धावंतांच्या प्रतिसादांचा विचार करताना हा वाङ्मयप्रकारांचा संकर प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. कारण प्रतिसाद कथेला दिला की दाव्याला, यावर त्याचे स्वरूप ठरते.

पहिला प्रतिसाद निषेधाचा होय. या कादंबरीवरील चित्रपट २००६ मध्ये भारतात प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह आणि तो काल्पनिक असल्याच्या निवेदनासह प्रदर्शित झाला. तरीही गोवा, नागालँड, आंध्र प्रदेश, तमिळनाडू इत्यादी राज्यांत त्यावर बंदी आली; पैकी आंध्र प्रदेश व तमिळनाडूतील बंदी उच्च न्यायालयांनी रद्द केली. अल्पसंख्य समाजाला वाटणारी अवहेलनेची वेदना येथे खरी आहे. परंतु बंदीची मागणी कादंबरीला नकळत दस्तऐवजाचा दर्जा बहाल करते. ‘तथ्य’ या पानाला जे साधावयाचे होते, तेच ती साधून देते.

दुसरा प्रतिसाद खंडनाचा. कादंबरीतील ‘प्रायरी ऑफ सायन’ ही प्राचीन संघटना नसून पिएर प्लांतार यांनी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदविलेली संस्था होती, हे दाखवून देता येते. अशा खंडनाची परंपरा जुनी असून तिचा एक धागा भारतातही आहे. निकोलाय नोतोविच यांनी १८९४ मध्ये, लडाखच्या हेमिस मठात ‘इस्सा’चे, म्हणजे येशूचे, चरित्र आपणांस ऐकविले गेले, असा दावा केला. माक्स म्युल्लर यांनी त्याच वर्षी त्यावर शंका घेतली; पुढे आर्किबाल्ड डग्लस यांनी मठात जाऊन चौकशी केली, तेव्हा मठाधिपतींनी असे कोणतेही हस्तलिखित असल्याचे नाकारले. ‘सापडलेले हस्तलिखित’ ही कादंबरीची जुनी क्लृप्ती वृत्तान्ताच्या वेषात आली की कशी फलद्रूप होते, याचे हे उत्तम उदाहरण ठरते. २०१२ मध्ये गाजलेल्या ‘येशूची पत्नी’ या पपायरसाच्या तुकड्याचीही गत तीच झाली. त्यातील शब्द ‘थॉमसचे शुभवर्तमान’ या ग्रंथाच्या आधुनिक प्रतीवरून जुळविले असल्याचे अभ्यासकांनी दाखविले. २०१६ मध्ये त्याच्या मालकीचा इतिहास उघड झाल्यावर तो जाहीर करणाऱ्या कॅरन किंग यांनीही तो बनावट असण्याची शक्यता मान्य केली.

खंडनाचे बळ निर्विवाद आहे. तथापि त्याला मर्यादाही आहे. प्रत्येक दाव्याला पुराव्यानेच उत्तर देणारा श्रद्धावंत, श्रद्धेचा निवाडा दस्तऐवजांच्या न्यायालयातच व्हावा, हे मान्य करून बसतो. बनावट तुकडा खोटा ठरल्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही. आणि उद्या एखादा अस्सल तुकडा मिळाला, तर त्याची पद्धती श्रद्धावंताला मागे घेता येणार नाही.

तिसरी वाट मराठीतच सापडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीबद्ध असून त्यात श्रोत्यांच्या शंका व पाद्रींची उत्तरे अशी संवादरचना आहे. हे काव्य धर्मप्रसाराच्या हेतूने व वसाहतसत्तेच्या छायेत रचले गेले, हे विसरता येत नाही. येथील शंकाही अखेर निरसनासाठीच येते. तरीही शंकेला ग्रंथाच्या आत स्थान देणे ही महत्त्वाची गोष्ट आहे. शंका बाहेरून आलेला शत्रू न मानता कथनाचाच एक घटक मानणारी श्रद्धा प्रत्येक नव्या मथळ्याने हादरत नाही. दावा खोटा असेल तर ती तो पुराव्यानेच खोटा ठरविते. मात्र स्वतःचे अस्तित्व त्या निकालावर अवलंबून ठेवीत नाही. निषेध व खंडन यांच्या पलीकडचा हा वाचनाचा प्रतिसाद तौलनिक अभ्यासाने अधिक तपासावयास हवा.