हायकू : अर्थाकडे जाणारी पायवाट

मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) या जपानी कवीने १६८९ साली एदो नगर सोडून उत्तरेकडील दुर्गम प्रदेशाची पायी यात्रा केली. ‘ओकु नो होसोमिची’ हे त्या यात्रेचे गद्यपद्यमिश्रित वृत्त. शीर्षकातील ‘ओकु’ या शब्दात दूरचा प्रदेश आणि आतला गाभा हे दोन्ही अर्थ सामावले आहेत.

बाशोच्या सतरा ध्वन्यंशांच्या रचना मुळात ‘होक्कु’, म्हणजे साखळीकाव्याचा आरंभीचा चरण, या प्रकारातल्या. ‘हायकू’ ही संज्ञा मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने रूढ केली. आरंभाचा चरण अर्थ पुरा करीत नाही. त्यातील ‘किरेजी’ हा छेददर्शक शब्द दोन प्रतिमांत अंतर पाडतो. ते वाचकालाच ओलांडावे लागते. हीच त्याची साधना होय.

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) यांना दिले जाते. मराठी कानाला सवय होती अभंगाची. अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा घालून संतकवी आपल्या अनुभवाची ग्वाही देतो. हायकूत ग्वाही देणारा कोणी नसतो. पाहणारा ‘मी’ दृश्यातच विरतो. म्हणूनच मराठी हायकूची तिसरी ओळ तात्पर्य सांगू लागली, की तिचे सुभाषित होते आणि प्रवास खुंटतो. पै यांच्या उत्तम रचना निसर्गातला एखादा क्षण दाखवून थांबतात. त्या थांबतात तेथून वाचकाची वाट सुरू होते.