मिक्समधला दोष की तुमची आवड?

मित्राने घरच्या लॅपटॉपवर केलेलं गाण्याचं मिक्स पाठवून विचारलं, "कसं झालंय?" उत्तर देण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा: तांत्रिक दोष आणि तुमची आवड.

मेटॅलिकाचे दोन अल्बम घ्या. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये (२००८) आवाज इतका वर ढकललाय की लहरींचे माथे सपाट कापले गेलेत. याला क्लिपिंग म्हणतात आणि ते वेव्हफॉर्ममध्ये चक्क दिसतं. हीच गाणी 'गिटार हिरो' या गेममध्ये इतकी दाबलेली नव्हती. दोन्ही ऐकली की फरक कळतो. '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये (१९८८) मात्र बेस जवळपास ऐकूच येत नाही. मला ते खटकतं. पण तो घेतलेला निर्णय आहे, कुठलाही मीटर त्याला चूक म्हणणार नाही.

नवख्याला हे दोन्ही एकाच सुरात सांगितलं, तर तो एक तर सगळंच सोडून देईल, नाहीतर स्वतःच्या मनातला आवाज पुसून तुमचा उतरवेल. दुसरं जास्त वाईट. म्हणून "मास्टर क्लिप होतोय, लेव्हल खाली घे" हे ठामपणे सांगा. "मला रिव्हर्ब जास्त वाटला" यातला 'मला' गाळू नका. आणि आधी विचारा, "तुला काय साधायचं होतं?" मुद्दाम आणलेलं डिस्टॉर्शन दोष नसतं.

उद्या कुणाच्या शोधनिबंधाच्या मसुद्यावर शेरे लिहाल, तेव्हाही हेच. आलेखात एरर बार नाहीत, हा दोष. प्रस्तावना तुमच्या पद्धतीची नाही, ही आवड.