नहपानाचीं नाणीं आणि जुन्नरचे यवन

जुन्नर-आंबेगांव टापूंत एखादें जुनें रुप्याचें नाणें हातीं आलें व त्यावर मुखवटा आणि ग्रीक अक्षरें दिसलीं, कीं तें ‘अथेन्सचें’ ठरविण्याचा मोह संग्राहकांस आवरत नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांचीं दानें कोरलेलीं असल्यामुळें त्या समजास आधार सांपडल्यासारखा वाटतो. पण यवनांचीं दानें हा अथेन्सच्या नाण्याचा पुरावा नव्हे.

अथेन्सचें मोठें नाणें सुमारें १७ ग्रॅम वजनाचें. पुढें अथीना देवीचें शिर, मागें घुबड आणि आल्फा, थीटा, एप्सिलॉन हीं तीन अक्षरें. काबूल येथें १९३३ सालीं निघालेल्या चमन-इ-हुजूरी निधींत अथेन्सचीं नाणीं होतीं खरीं. परंतु काबूल म्हणजे घोड नदीचें खोरें नव्हे! क्षहरात नहपानाचें नाणें अवघें २ ग्रॅमच्या आसपासचें. त्याच्या मुखवट्याभोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत, पण तीं लावून वाचलीं तर निघतें प्राकृतच : राजा क्षहरात नहपान याचें. हाच मजकूर मागील बाजूस बाण व वज्राभोंवतीं ब्राह्मी आणि खरोष्ठींत आहे. लिपि यवनांची, भाषा इकडची.

जोगलटेंभीच्या निधीवरील स्कॉटसाहेबांचा १९०८ चा निबंध अद्यापि पायाभूत आहे. तेरा हजारांवर नाणीं तपासून त्यांपैकीं नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हां मारलेला आहे हें दाखविणें चिकाटीचें काम होय. तथापि मुखवटे निरनिराळे, सबब एकाच घराण्यांतील अनेक पुरुषांनीं नहपान हेंच नांव चालविलें, हें त्यांचें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ठसे कोरणारे हात अनेक असले म्हणजे मुद्राही अनेक होतात. नाशिकच्या लेखांतील वर्ष ४२ चा क्षत्रप नहपान मानमोडीवरील अमात्य अयमाच्या वर्ष ४६ च्या लेखांत महाक्षत्रप झालेला दिसतो; ही एकाच पुरुषाची बढती होय. नाण्यांवर मात्र नुसतें ‘राजा’. ही विसंगति स्कॉटसाहेबांच्या तर्कानेंही सुटत नाहीं.

पुनर्मुद्रित नाण्यांवर सातकर्णीच्या चैत्याखालून जुनीं अक्षरें डोकावतात. अशीं नाणीं चिंचेनें घासून लख्ख करणाऱ्या मंडळींनीं निदान आधीं त्यांचा लाखेवर ठसा घ्यावा, व तीं कोणत्या शेतांत निघालीं हें टिपून ठेवावें.