जिभेचा नकाशा आणि मुलांची जीभ

जिभेच्या टोकाला गोड, बाजूंना खारट आणि आंबट, अगदी मागे कडू. हा नकाशा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या वहीत काढलेला असतो. त्यासोबतचा प्रयोगही ओळखीचा आहे: साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, लिंबाचा आणि कारल्याचा रस जिभेवर ठिकठिकाणी लावा आणि कोणती चव कुठे कळते ते लिहा. साहित्य घरातले, खर्च जवळजवळ नाही, मुले खूश. तरीही या प्रयोगाबद्दल आमची तक्रार आहे.

एका शाळेत हा प्रयोग चालू असताना आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मला टोकालासुद्धा कडू लागतंय." बाईंनी पुन्हा करून पाहायला सांगितले. पुन्हा तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "रस पसरला असेल. आकृतीत बघ आणि लिही." मुलीने तसे लिहिले. वही बरोबर ठरली, जीभ चूक!

खरे तर जीभच बरोबर होती. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेवर वेगवेगळ्या जागी किती सौम्य द्रावणाची चव कळते ते मोजले. जागेनुसार फरक मिळाले, पण लहान. १९४२ मध्ये बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथात ही मापे आलेखाच्या रूपात आली. त्यावरून फरक किती लहान आहेत हे कळत नव्हते. 'इथे थोडी कमी' याचे वाचणाऱ्यांनी 'इथे नाहीच' असे करून टाकले. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हाही फरक किरकोळच निघाले. जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या मूळ चवी कळतात. रुचिकलिका मऊ टाळूवरही असतात. नकाशात त्यांना जागाच नाही. तिखटालाही नाही, पण त्याचे कारण वेगळे. तिखटपणा रुचिकलिकांना नव्हे, तर वेदना आणि उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंना कळतो.

माहिती चुकीची आहे एवढ्यावर आमची तक्रार संपत नाही. प्रयोगाची मांडणीच सदोष आहे. उत्तर आधी दाखवले की मेंदू तेच शोधू लागतो. चव जिभेवर सुरू होते, पण तिचा अर्थ मेंदू लावतो, आणि त्यात वास, नजर, अपेक्षा सगळे मिसळते.

याउलट तीन भांड्यांचा जुना प्रयोग पाहा. एक हात कोमट पाण्यात, दुसरा गार पाण्यात थोडा वेळ ठेवा. मग दोन्ही हात साध्या पाण्यात एकदम घाला. एकाच पाण्याला एक हात गार म्हणतो, दुसरा गरम. जॉन लॉक यांनी १६९० मध्ये याची चर्चा केली होती. इथे कोणालाही पुस्तकात डोकावावे लागत नाही. प्रश्न मुलांच्या हातातच उभा राहतो.

चवीचा प्रयोगही असा करता येईल. आकृती दाखवू नका. डोळे बांधा, नाक धरायला सांगा. द्रावणांत साधे पाणीही ठेवा आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. दर वेळी नवा कापसाचा बोळा घ्या, मध्ये चूळ भरू द्या. जीभ आत न घेता मुलाने चवीच्या नावाच्या कार्डाला हात लावावा. म्हणून कार्डे वेगवेगळ्या आकारांची कापा. सगळ्या वर्गाच्या नोंदी फळ्यावर मांडा आणि त्यानंतरच पुस्तकातली आकृती उघडा.

मग आकृती आणि फळा जुळले नाहीत, तर काय पुसायचे ते वर्गाला ठरवू द्या. त्या मुलीला त्या दिवशी ही संधी मिळाली असती, तर ती चवीपेक्षा बरेच काही शिकली असती.