जनुकीय आणि आनुवंशिक : जॅनेट राउली यांच्या संशोधनाच्या निमित्ताने

जॅनेट राउली या अमेरिकन संशोधिकेची गोष्ट विज्ञानविषयक लेखांतून बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते. चार मुलांची आई, आठवड्यातून तीन दिवस प्रयोगशाळेत काम, घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांच्या छायाचित्रांची कात्रणे पसरलेली, आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुले तिला चिडवतात, आणि त्या कात्रणांतूनच रक्ताच्या कर्करोगाचे रहस्य उलगडते! गोष्ट खरी आहे आणि वर्गात सांगण्याजोगीही आहे. पण ती इथेच संपवली तर दोन तोटे होतात. एक म्हणजे संशोधन हा नशिबाचा खेळ वाटू लागतो. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. ‘कर्करोगाचे कारण गुणसूत्रांत सापडले’ एवढेच विद्यार्थ्याच्या लक्षात राहते आणि त्याचा अर्थ तो ‘कर्करोग आईवडिलांकडून येतो’ असा लावतो. राउली यांच्या कामाचा अर्थ जवळजवळ याच्या उलट आहे.

आधी नशिबाविषयी. राउली यांचा जन्म १९२५ चा. १९४८ मध्ये शिकागो विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे काही वर्षे त्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात काम करत होत्या. १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेज्युन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. राउली यांची गुणसूत्रांकडे ओढ इथून सुरू झाली. पतीबरोबर ऑक्सफर्डला गेल्या असताना त्यांनी हे तंत्र शिकून घेतले आणि १९६२ मध्ये परत आल्यावर शिकागोतील रक्तरोगतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे एक सूक्ष्मदर्शक, अंधारखोली आणि अर्धवेळ नोकरी मागितली. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे त्या रक्ताचा कर्करोग झालेल्या रुग्णांची गुणसूत्रे पाहत होत्या. हाती ठोस असे फारसे लागत नव्हते, कारण त्या काळच्या रंगद्रव्यांनी संपूर्ण गुणसूत्र एकसारखे रंगत असे; सारख्या लांबीची दोन गुणसूत्रे वेगळी ओळखणे कठीण होते. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये टॉर्बयोर्न कॅस्पर्सन यांच्या गटाने क्विनॅक्रिन वापरून गुणसूत्रांवर उजळ-अंधूक पट्टे उमटवण्याचे तंत्र काढले. राउली यांनी ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मुक्कामात ते शिकून घेतले. १९७२ साली जेवणाच्या टेबलावर जे दिसले, ते या तयारीमुळे दिसले.

काय दिसले? क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया या रोगात २२ क्रमांकाचे एक गुणसूत्र आखूड असते, हे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० मध्येच दाखवले होते. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. त्याचा तुकडा तुटून नाहीसा झाला असावा, असा समज होता. राउली यांना पट्ट्यांमध्ये आढळले, की याच रुग्णांच्या ९ क्रमांकाच्या एका गुणसूत्राच्या टोकाला जादा तुकडा आहे. म्हणजे तुकडा हरवलेला नव्हता, तो दुसरीकडे जाऊन चिकटला होता! १९७३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या एका प्रकारच्या ल्यूकेमियात ८ आणि २१ या गुणसूत्रांत अशीच अदलाबदल त्यांना त्याआधी सापडली होती, आणि १९७७ मध्ये तिसऱ्या प्रकारात १५ व १७ यांची. विशिष्ट रोगात विशिष्ट अदलाबदल पुन्हा पुन्हा दिसते, हाच खरा महत्त्वाचा मुद्दा होता. गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असे तेव्हा बहुसंख्य संशोधक मानत. मोडतोड हा केवळ परिणाम असता, तर ती वाटेल तिथे दिसायला हवी होती.

येथे एक मर्यादाही नोंदवायला हवी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तो पुरावा इतरांनी पुढे जमवला. ९ व्या गुणसूत्रावरचे एबीएल आणि २२ व्यावरचे बीसीआर ही जनुके जोडली जाऊन एक नवे प्रथिन बनते व ते पेशीला सतत विभाजनाचा आदेश देत राहते, हे १९८० नंतरच्या दशकात कळले. १९९० मध्ये हे जोडजनुक उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींत घातल्यावर त्यांना तशाच प्रकारचा रोग झाला. आणि २००१ मध्ये नेमके हेच प्रथिन रोखणारे इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मान्य झाले. एकट्या टेबलावरच्या कात्रणांना हे सारे श्रेय देणे इतरांवर अन्याय करणारे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फिलाडेल्फिया गुणसूत्र रुग्णाच्या रक्तपेशींत सापडते, त्याच्या त्वचेच्या पेशींत नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकालाच हा रोग असेल, तर ते गुणसूत्रही त्या एकातच असते. याचा अर्थ, ही अदलाबदल जन्मानंतर केव्हातरी अस्थिमज्जेतील एका पेशीत घडली. ती जनुकांत घडली, म्हणून जनुकीय. पण आईवडिलांकडून आली नाही आणि मुलांकडे जाणार नाही, म्हणून आनुवंशिक नव्हे. डाऊन सिंड्रोमची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे २१ क्रमांकाचे जादा गुणसूत्र सहसा शरीरातील सर्व पेशींत असते, पण बहुतेक वेळा ती चूक स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना घडलेली असते. आईवडिलांची स्वतःची गुणसूत्रे ४६ च असतात.

मग कर्करोग आनुवंशिक कधीच नसतो का? असतो. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी रेटिनोब्लास्टोमा या मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून ‘दोन आघातां’ची कल्पना मांडली. काही मुलांत पहिला आघात जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो, दुसरा पुढे डोळ्यातील एखाद्या पेशीत होतो. इतर मुलांत दोन्ही आघात जन्मानंतर एकाच पेशीत व्हावे लागतात. म्हणजे वारशाने येतो तो कर्करोग नव्हे, एक आघात. १९९८ चे लास्कर पारितोषिक राउली, नॉवेल आणि नडसन यांना मिळून दिले गेले, हे किती योग्य होते!

या दोन विचारधारांची गाठ पुढे एका जनुकात पडली. राउली यांनी पाहिलेल्या ८ आणि २१ च्या अदलाबदलीत २१ व्या गुणसूत्रावरचे जे जनुक तुटते, ते रनएक्स-१. १९९९ मध्ये असे आढळले, की काही कुटुंबांत याच जनुकातील दोष पिढ्यान् पिढ्या उतरतो. अशा व्यक्तींच्या रक्तात बिंबिका कमी असतात आणि ल्यूकेमियाचा धोका वाढलेला असतो. जनुक एकच, पण एका रुग्णात ते फक्त मज्जेतील पेशीत तुटलेले, तर दुसऱ्यात जन्मापासून प्रत्येक पेशीत सदोष. म्हणून ‘कोणते जनुक?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या पेशीत आणि केव्हा?’ हेही विचारावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही, याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द आपण लेखांत, भाषणांत आणि फळ्यावरही एकमेकांऐवजी सर्रास वापरतो. त्याची किंमत कुटुंबांना मोजावी लागते. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला की ‘कोणाच्या घराण्यातून आला?’ ही चौकशी सुरू होते. बोल बहुधा आईला लागतो आणि बहिणीची सोयरीक जुळवताना ती गोष्ट लपवावी लागते. उलट चूकही तितकीच घातक आहे. घरात दोघातिघांना ल्यूकेमिया झालेला असताना ‘हा काही आनुवंशिक रोग नव्हे’ म्हणून सोडून दिले, तर सदोष रनएक्स-१ असलेल्या भावाचीच अस्थिमज्जा रुग्ण बहिणीला दिली जाण्याचा धोका असतो.

विज्ञानशिक्षकाला यावर उपाय करता येण्याजोगा आहे. जनुकांत झालेला कोणताही बदल जनुकीय आणि पुढच्या पिढीकडे जाणारा तेवढाच आनुवंशिक, एवढी शिस्त शब्दांत पाळावी. आनुवंशिकतेचे प्रकरण शिकवताना राउली यांची गोष्ट जरूर सांगावी. दोन रंगांच्या कागदी पट्ट्या कापून ९ आणि २२ ची अदलाबदल मुलांकडून करून घ्यावी, आणि मग विचारावे : ‘हा बदल या माणसाच्या मुलात जाईल का?’ वर्गात यावर वाद झाला, तर धडा नीट शिकवला गेला असे समजायला हरकत नाही.